स्वल्प जागा

देवावर इतका गाढ विश्वास असणारा आणि देवाला इतकं कमी काम देणारा दुसरा माणूस या पृथ्वीवर झाला नसेल, असं मी माझ्या घरमालकांविषयी छातीवर हात ठेवून सांगू शकते. बेंगळुरूच्या बसवनगुडीत त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहत होते, खालच्या मजल्यावर ते आणि त्यांची बायको. सगळी गल्ली त्या दोघांना अण्णा आणि अक्का म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणू लागले. घराणं मराठी, पण पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर दक्षिणेत उतरले ते परत गेलेच नाहीत. अण्णा म्हणायचे, परतीचा हुकूम अजून यायचाय. हुकमाची वाट बघता बघता घरातल्या मराठीत कन्नड इतकी मुरली होती, की 'थोडं' हा शब्द मी त्या घरात कधी ऐकला नाही. तिथे सगळं 'स्वल्प' असायचं. स्वल्प मीठ, स्वल्प सरकून बसा, आज स्वल्प डोकं दुखतंय. मी निपाणीची असल्यामुळे मला दोन्ही भाषा येतात आणि दोन्हींची मिसळही पचते. माझी आई फोनवर अक्कांशी बोलायची तेव्हा मात्र मधूनमधून मला विचारायची, की बाईंना नक्की काय म्हणायचंय.

खोली बघायला गेले तेव्हाच हा माणूस वेगळा आहे हे कळायला हवं होतं. बेंगळुरूत घर शोधताना घरमालक काय विचारतात हे मला पाठ झालं होतं. लग्न झालंय का, मांसाहार करता का, मित्र येतात का. अण्णांनी यातलं काही विचारलं नाही. मला पडवीतल्या वेताच्या खुर्चीवर बसवलं, समोर बसले आणि विचारलं, "काळ पुढे सरकतो, की काळ जागेवरच असतो आणि आपण सरकतो?" मी नुकतीच बस बदलत उन्हातून आले होते. मी म्हटलं, मला ठाऊक नाही, पण सोमवारी मला आहे ती जागा सोडायची आहे. ते प्रसन्न झाले. "सरी, ठीक," म्हणाले, "खोली तुमची." पुढे अक्कांनी सांगितलं, की माझ्याआधी एका मुलाला त्यांनी परत पाठवलं होतं, कारण त्याने उत्तर लगेच दिलं.

अण्णांनी एका सरकारी प्रयोगशाळेत धातू तोडण्यात उभी हयात घालवली होती. विमानात लागणारे धातूचे तुकडे यंत्राच्या जबड्यात धरायचे, ताणायचे, वाकवायचे, पुन्हा सरळ करायचे, आणि ते नक्की कधी हार मानतात ते बघायचं. माणसासारखा धातूही थकतो, हे मला त्यांच्याकडून कळलं. निवृत्त झाल्यावर तोडायला धातू उरला नाही, पण नजर तशीच राहिली. जेवायला आलेल्या पाहुण्याच्या हातातला चमचा बघून ते गंभीरपणे सांगत, हा थकलाय. माझ्या स्कूटरच्या स्टँडकडे ते रोज अशा काही नजरेने बघायचे, की मलाच त्याची तब्येत विचारावीशी वाटे. राजाजीनगरमध्ये एका नात्यातल्या लग्नात पंगत बसली असताना त्यांना वरच्या पंख्याचा आकडा थकल्यासारखा दिसला. त्यांनी अख्खी रांग उठवली, पानं उचलून पलीकडे मांडायला लावली आणि स्वतः त्या पंख्याजवळ पहाऱ्याला उभे राहिले. पंखा काही पडला नाही. परतताना गाडीत अक्का तोंड फिरवून बसल्या होत्या. शेवटी अण्णाच म्हणाले, "पडला नाही म्हणजे थकला नाही असं नव्हे."

हाच माणूस सकाळी आंघोळ करून, पंचा नेसून, तासभर यथासांग पूजा करायचा. गंध उगाळण्यापासून आरतीपर्यंत एक अक्षर गाळायचा नाही. मी नवीन होते तेव्हा मला वाटलं, प्रयोगशाळेतला माणूस पूजा करतो म्हणजे पूजेमागचं विज्ञान वगैरे सांगत असेल. तसं काही त्यांच्यासमोर बोलायची सोय नव्हती. त्यांच्या एका मेहुण्याला रोज सकाळी फोनवरून असले शोध पाठवायची सवय होती. शंखाच्या आवाजाने जंतू मरतात, घंटेच्या नादाने मेंदूचे दोन्ही भाग जुळतात. अण्णा प्रत्येक निरोपाला सविस्तर उत्तर लिहायचे. शेवटी त्यांनी एकदा लिहिलं, की देवाला जंतुनाशकाच्या हुद्द्यावर आणून बसवू नका, तो त्याहून मोठा असावा अशी माझी समजूत आहे. मेहुण्याने त्यानंतर निरोप बंद केले, आणि अण्णांना फार चुकल्याचुकल्यासारखं झालं. सकाळी भांडायला कोणी उरलं नाही.

भांडण ते कुणाशीही सारख्याच निष्ठेने करायचे. आमच्या भागातल्या एका सभागृहात कुणी प्रवचनकार आले होते. अणूच्या पोटात काय चालतं हे आपल्या ऋषींना ठाऊक होतं, असं त्यांनी सांगितलं. अण्णा उभे राहिले आणि त्यांनी नम्रपणे समीकरण मागितलं. प्रवचनकारांनी श्रद्धा लागते असं उत्तर दिलं. अण्णा म्हणाले, श्रद्धा घरून आणली आहे, समीकरण द्या. कार्यकर्त्यांनी त्यांना हाताला धरून बाहेर नेलं. पुढच्याच महिन्यात त्याच सभागृहात एका तरुण शास्त्रज्ञाचं भाषण होतं. त्याने सांगितलं, की धर्म म्हणजे माणसाच्या बालपणीची भीती, विज्ञान आल्यावर तिची गरज उरत नाही. अण्णा पुन्हा उभे. त्यांनी विचारलं, हे जे तुम्ही आत्ता म्हणालात ते कुठल्या उपकरणाने मोजलंत? या वेळी कार्यकर्ते ओळखीचे निघाले, म्हणून हाताला न धरता नुसता रस्ता दाखवला. घरी आल्यावर अक्कांनी विचारलं, आज कुठल्या बाजूने हाकललं? त्यांच्या एका शहाण्या भाच्याने मग तडजोड सुचवली. विज्ञान 'कसं' ते सांगतं, धर्म 'कशासाठी' ते सांगतो आणि तत्त्वज्ञान मध्ये बसून दोघांना समजावतं. अण्णांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतकं सोयीचं वाक्य खरं असणं शक्य नाही."

तत्त्वज्ञान त्यांना दुपारी जेवणानंतर व्हायचं, आणि ते जो समोर येईल त्याला वाटून टाकायचे. भाजीवाल्याच्या गाडीवरचा टोमॅटो हातात धरून ते त्याला विचारायचे, की हा लाल आहे, की आपल्या डोळ्यांनी त्याला लाल ठरवलंय, आणि आपण सगळे डोळे मिटून उभे राहिलो तर याचा रंग कोणता? भाजीवाला अर्धवट ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, "सार, बेका, बेडवा?" हवाय की नको? अण्णा अर्धा किलो घ्यायचे. एवढं होऊनही तो भाजीवाला आमची गल्ली कधी चुकवायचा नाही. मी एकदा त्याला विचारलं तर म्हणाला, इतर लोक फक्त भाव विचारतात.

पण अण्णांचं खरं वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा तो नियम. देवाकडे काही मागायचं नाही. संध्याकाळी ते कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळात जायचे, समोर उभं राहून पुटपुटायचे, "आलोय." मग स्वल्प वेळ थांबून, "येतो," म्हणून परत फिरायचे. बस्स. त्यांचं म्हणणं असं, की ज्याने सूर्याला आणि मुंगीला एकच नियम लावला, त्याच्याकडे जाऊन आपल्यापुरती सूट मागायची म्हणजे त्याच्या कामाचा अपमान. अक्कांचा कारभार नेमका उलटा. त्या सगळं मागायच्या. दूध उतू जाऊ नये इथपासून मुलीला एचएसआर लेआउटमध्ये लिफ्ट असलेल्या इमारतीत घर मिळावं इथपर्यंत. एकदा रिक्षा मिळेना तेव्हा रस्त्यात उभं राहून मागितलेलं मी स्वतः पाहिलं आहे, आणि रिक्षा आलीही. अण्णांनी रिक्षात बसल्या बसल्या योगायोग म्हणजे काय ते समजावून सांगायला सुरुवात केली. अक्का म्हणाल्या, "तुमचा देव निवृत्त झालाय. माझा अजून नोकरीत आहे."

ग्रहणाच्या दिवशी दोघांचा संसार बघण्यासारखा असायचा. अक्का चूल बंद ठेवून आत जप करत बसायच्या. अण्णा गच्चीवर पुठ्ठ्याला भोक पाडून कागदावर सूर्याची चंद्रकोर पाडायचे आणि गल्लीतल्या सगळ्यांना हाका मारून दाखवायचे. ग्रहण सुटलं की खाली येऊन मुकाट्याने डोक्यावरून आंघोळ करायचे. मी विचारलं, अण्णा, सूर्यावर नुसती सावली पडली हे तुम्हीच आत्ता सांगितलंत, मग ही आंघोळ कशाला? ते डोकं पुसत म्हणाले, "तिनं पाणी तापवलं होतं."

असं सगळं चाललेलं असताना अक्कांना दम लागू लागला. त्यांनी तो पुष्कळ दिवस लपवला. देवळाच्या पायऱ्यांवर थांबून त्या कुणाशी तरी गप्पा मारायला लागायच्या, ते दम खाण्यासाठी होतं हे आम्हाला उशिरा कळलं. एका सकाळी त्या अंगणात रांगोळी काढताना भिंतीला टेकून खाली बसल्या, आणि मग दवाखाना, तपासण्या, मोठा दवाखाना हे सगळं ओळीने आलं. हृदयातून रक्त बाहेर पडतं तिथली झडप कडक होऊन अरुंद झाली होती. छाती उघडून ती बदलावी लागणार होती.

अण्णांनी शल्यचिकित्सकांना इतके प्रश्न विचारले, की त्या बाईंनी शेवटी त्यांना विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? त्यांना त्या झडपेचं थकणं समजून घ्यायचं होतं. रोज किती वेळा उघडते, कुठल्या कडेला ताण येतो, भेग कुठून सुरू होते. हे सगळं झाल्यावर त्यांनी विचारलं, की यातून सुखरूप बाहेर येण्याची शक्यता किती. डॉक्टरीणबाईंनी आकडा सांगितला. चांगला आकडा होता. पण बाहेर आल्यावर अण्णा बाकावर बसले आणि मला म्हणाले, तो आकडा कुणाला सांगू नकोस. मी म्हटलं, अहो, चांगला आहे की. ते म्हणाले, "आकडा पुष्कळ माणसांना मिळून लागू पडतो. ती एकटी आहे." आयुष्यभर आकड्यांवर जगलेल्या माणसाच्या तोंडून हे ऐकून मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यात आणखी एक पेच होता. नवी झडप दोन प्रकारची मिळते असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. एक कृत्रिम, कारखान्यात बनलेली. ती टिकाऊ, पण तिच्यासाठी रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते, आणि अक्कांच्या वयाला ती सोसेलच असं नाही. दुसरी जनावराच्या हृदयावरच्या पातळ पडद्यापासून केलेली. अक्कांसाठी तीच बरी. कुठलं जनावर असं अण्णांनी विचारलं, तेव्हा बाई क्षणभर त्यांच्या कपाळावरच्या गंधाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, गाय.

हे अक्कांना सांगायचं कुणी? त्यांची मुलगी म्हणाली, सांगूच नका. अण्णांना ते पटलं नाही. तिच्या छातीत काय बसवणार हे तिला ठाऊक नसणं म्हणजे फसवणूक, असं त्यांचं म्हणणं. ते दोन दिवस पडवीत येरझाऱ्या घालत युक्तिवाद रचत होते आणि मला ऐकवत होते. शरीर म्हणजे काय, आपलं म्हणजे काय, खाल्लेला तांदूळ कुठल्या क्षणी आपण होतो, गाय आणि माणूस यांच्यात पदार्थ म्हणून फरक काय, आणि पवित्र हा शब्द पदार्थाला लागतो की नात्याला. खरंच सुंदर युक्तिवाद होता. मला तो पटला, पण मी निपाणीची, कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून पोट भरणारी, माझं काय. तिसऱ्या दिवशी अण्णा अक्कांच्या खाटेजवळ बसले, घसा साफ केला, आणि सगळी प्रस्तावना विसरून एका दमात सांगून टाकलं, की गाईची आहे.

अक्कांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यांचे ओठ हलत होते. मुलगी दाराशी उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. मग अक्का म्हणाल्या, "गाय आई ना? आईचं घ्यायला लाज कसली?" आणि थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं, "तिला दुखलं असेल. बरी झाले की रोज एका गाईला घास घालीन." एवढ्यावर विषय संपला. बाहेर आल्यावर अण्णा जिन्यातच बसले. न वापरलेला एवढा मोठा युक्तिवाद घेऊन त्यांना उठता येईना. म्हणाले, माझं तर्कशास्त्र तिच्याहून बरोबर होतं, पण तिचं पुरलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी दवाखान्यात डबा घेऊन गेले होते. अक्कांनी अण्णांना जवळ बोलावलं. त्या सांगत होत्या, तेव्हा त्यांच्या आवाजात मागणं नव्हतं, घरातली कामं वाटून द्यावीत तसा सूर होता. म्हणाल्या, "उद्या मला शुद्ध नसणार. माझं मागायला कोणी पाहिजे. तुम्ही मागा." अक्कांनी उत्तराची वाट पाहिली नाही. डब्यात काय आणलंय ते मला विचारू लागल्या.

सकाळी त्यांना आत नेलं. मुलगी बाहेर बाकावर बसली, मी तिच्याजवळ. अण्णांना बसवेना. ते भिंतीवरच्या सूचना वाचत, खुर्च्यांचे पाय तपासत फिरत होते. एका खुर्चीवर बसलेल्या अनोळखी माणसाला त्यांनी उठवलं, तेव्हा मुलीने माझा हात दाबला आणि म्हणाली, यांना स्वल्प वेळ बाहेर ने. बाहेर आल्यावर मी विचारलं, कॉफी घेऊ या का. त्यांनी रिक्षा थांबवली आणि आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या देवळाचा पत्ता सांगितला. वाटेत एक शब्द बोलले नाहीत. योगायोगाविषयीसुद्धा नाही.

देवळात गर्दी नव्हती. एरवी ते खांबापाशी उभे राहायचे, आज सरळ गाभाऱ्यापर्यंत गेले आणि पुजाऱ्याला म्हणाले, बायकोच्या नावाने अर्चना करायची आहे. पुजारी इतकी वर्षं त्यांना 'आलोय, येतो' करताना बघत होता. त्याने आश्चर्य दाखवलं नाही. ताम्हन पुढे घेऊन त्याने नेहमीप्रमाणे गोत्र विचारलं. अण्णांनी सांगितलं. मग त्याने अक्कांचं नक्षत्र विचारलं.

आकाशातलं एकूण एक नक्षत्र या माणसाला तोंडपाठ होतं. आर्द्रेचा तारा फुगून लाल झालाय आणि एक दिवस फुटणार आहे हे त्यांनी मला गच्चीवरून कितीदा सांगितलं असेल. पण आपली बायको कुठल्या नक्षत्रावर जन्मली हे त्यांना माहीत नव्हतं. ते कधी त्यांच्या कामाचंच नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मलाही ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा असा झाला, जणू आता हे ऑपरेशन या एका चुकीने बिघडणार. मी मुलीला फोन लावू लागले, तर पुजारी हळू आवाजात म्हणाला, "हेसरु साकु, सार." नाव पुरे.

अण्णांनी नाव सांगितलं. मी त्या घरात इतके दिवस राहिले, पण अक्कांचं नाव त्यांच्या तोंडून ते तेवढंच ऐकलं. पुजाऱ्याने मंत्र म्हटले, फुलं वाहिली, आरती झाली. तो बाजूला झाला तेव्हा अण्णा तसेच उभे होते, हात जोडलेले, आणि अगदी खालच्या आवाजात मराठीत बोलत होते. मी दोन पावलं मागे होते, म्हणून ऐकू आलं.

आधी त्यांनी देवाला सगळी परिस्थिती समजावून सांगितली. झडप कुठे असते, ती का अरुंद झाली, बाई काय करणार आहेत, हृदय थांबवून यंत्रावर रक्त कसं फिरवतात. एखाद्या नवख्या सहकाऱ्याला प्रयोगाची माहिती द्यावी तसं, न घाई करता. मग ते अडखळले. थांबले. पुन्हा बोलू लागले तेव्हा आवाज बदलला होता.

"तुझा नियम मोडू नकोस. मी ते मागत नाही. पण कुठलंही यंत्र असो, दोन भागांत स्वल्प जागा सोडलेली असते. नाही तर ते फिरत नाही. तुझ्या यंत्रातही सोडली असशील. असली तर ती आज तिला दे."

एवढं म्हणून ते वळले. 'येतो' म्हणायचं विसरले. रिक्षात बसल्यावर पंच्याने तोंड पुसायला म्हणून हात खांद्याकडे नेला, आणि अंगात शर्ट आहे हे लक्षात आल्यावर तो हात तसाच मांडीवर ठेवून दिला.

आम्ही परत पोहोचलो तरी आतून काही निरोप नव्हता. दुपार कलली. मुलगी दहा वेळा उठून दाराच्या काचेशी जाऊन आली. शेवटी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तोंडावरचा मास्क खाली केला आणि आधी हसल्या, मग बोलल्या. झडप नीट बसली होती. हृदय स्वतःहून चालू झालं होतं. मुलगी माझ्या गळ्यात पडून रडायला लागली. अण्णांनी डॉक्टरीणबाईंना दोन्ही हात जोडून नमस्कार केला, मग मुलीकडे वळून विचारलं, "तुझ्या आईचं नक्षत्र कोणतं गं?" तिला वाटलं, ताणाने वडिलांचं डोकं फिरलं. रडता रडता म्हणाली, स्वाती. "हं," अण्णा म्हणाले, "केशरी तारा आहे. चांगला आहे." आणि मग ते खालच्या उपाहारगृहात गेले आणि त्यांनी एकामागून एक इतक्या इडल्या खाल्ल्या, की वाढणारा माणूस सांबाराचं भांडंच टेबलावर ठेवून गेला. मीही खाल्ल्या. छातीवरचा दगड उतरला की खालीच पोट असतं हे त्या दिवशी कळलं.

अक्कांच्या घशातली नळी काढल्यावर त्यांना एकेक शब्द बोलता येऊ लागला. आम्हाला भेटायला सोडलं तेव्हा त्या उशी छातीशी धरून बसल्या होत्या. खोकला आला तर टाके दुखू नयेत म्हणून ती दिलेली असते. अण्णांना बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "मागितलंत?"

"मागितलं," अण्णा म्हणाले. चोरी पकडली गेल्यासारखे ते खाली बघत होते.

"काय मागितलंत?"

"स्वल्प जागा."

या शहरात जागा म्हणजे साईट, आणि साईट म्हणजे प्रत्येकाच्या मनातला घर बांधायचा तुकडा. अक्कांच्या घोगऱ्या आवाजात उद्वेग दाटून आला. "मी आत पडलेय आणि तुम्ही देवाकडे साईट मागितलीत?"

मला आधी हसू फुटलं. मग अण्णांना. ते समजावून सांगायला गेले, पण यंत्र, भाग, फट असं काहीतरी बोलून जास्तच घोटाळा केला. तोपर्यंत अक्काही हसायला लागल्या होत्या, उशी आवळून धरत, दुखतंय दुखतंय म्हणत, डोळ्यांतून पाणी काढत. नर्स धावत आली आणि आम्हाला बाहेर घालवलं. कुठल्याही बाजूने न भांडता अण्णांना बाहेर काढलं गेलं ते तेवढंच.

नंतर एकदा मी धीर करून विचारलं, अण्णा, तुमच्या मागण्याचा उपयोग झाला असं वाटतं का? मला वाटलं होतं, ते एक तर ठाम हो म्हणतील किंवा ठाम नाही. त्यांनी विचार केला. म्हणाले, ते ठरवायचं तर हा प्रयोग न मागता आणखी एकदा करून बघावा लागेल. "आणि मला तो करायचा नाही."

अक्का घरी आल्या, पण जुन्या घराच्या पडवीच्या उंच पायऱ्या त्यांना नको होत्या. मुलीने दोघांना आपल्याकडे एचएसआर लेआउटला नेलं. तिथे लिफ्ट आहे, खाली बाग आहे, आणि इमारतीच्या फाटकाबाहेर एक गाय येते, तिची सकाळ अक्कांच्या घासाने उजाडते. बसवनगुडीच्या घरात खाली आता दोन तरुण मुलं राहतात, माझ्यासारखीच कंपनीत जाणारी. सभ्य आहेत. अंगणात भेटलं की हसतात. ती कधी काही विचारत नाहीत, आणि भाजीवाला हल्ली गल्लीच्या तोंडाशीच थांबतो. मी रविवारी जमेल तशी अण्णांकडे जाते. रस्त्यात वाहनं इतकी असतात, की जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो. तरी जाते.

गेल्या रविवारी गेले तेव्हा जेवणं उरकली होती. अक्का आतल्या खोलीत झोपल्या होत्या, दार अर्धवट उघडं होतं. मुलीने कॉफी दिली आणि ती बाजारात गेली. अण्णा गॅलरीजवळच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी नवा विषय काढला. माणसाच्या शरीरातला एकेक भाग बदलत गेला, तर शेवटी तोच माणूस उरतो का, आणि उरत असेल तर उरतं ते नक्की काय. एक बोट वर करून ते म्हणाले, "आता बघ, उरतं ते," आणि तिथेच थांबले. मान दाराकडे वळवली.

"हळू बोल," मला म्हणाले, "ती झोपलीय."

मी बोललेच नव्हते. आतून अक्कांच्या श्वासाचा आवाज येत होता, संथ, एका लयीत, मध्ये कुठेही न अडकता. अण्णा तो ऐकत राहिले. वर केलेलं बोट हळूहळू खुर्चीच्या हातावर आलं. वाक्य पुरं होईल म्हणून मी बराच वेळ वाट पाहिली. मग उठले, रिकामा पेला स्वयंपाकघरात नेऊन ओट्यावर ठेवला, आणि नळ न सोडताच परत येऊन बसले.